नव्या संचातील मोलाची कार्डे : पारख, खरेदी आणि जतन

हुबळी आणि धारवाड यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावर वसलेल्या रायापुरात, किंबहुना या जुळ्या शहरांतील अनेक मराठी घरांत, मुलांच्या दप्तरात पाठ्यपुस्तकांच्या जोडीला पोकेमॉनच्या कार्डांचा गठ्ठा आढळणे आता नवलाचे राहिलेले नाही. आणि त्या गठ्ठ्याविषयी वडीलधाऱ्यांची मते पाहू गेल्यास ती बहुधा दोन टोकांना असतात. कोणाच्या मते तो निव्वळ रद्दीचा भारा असून त्यावर खर्चलेला प्रत्येक रुपया पाण्यात गेलेला असतो; तर कोणाच्या कानावर अमेरिकेतील एखाद्या लिलावाची वार्ता आलेली असल्यामुळे, आपल्या चिरंजीवांच्या पेटीत लक्षावधींचा ठेवा दडलेला आहे, अशी त्यांची गोड समजूत झालेली असते. वस्तुस्थिती या दोहोंपासून सारखीच दूर आहे. नव्या संचातील शंभर-दोनशे कार्डांपैकी बहुतेकांना फेरविक्रीत नाममात्रच दाम येतो, थोड्यांना बरा दाम येतो, आणि सगळ्या संचाची कीर्ती एखाद-दुसऱ्या कार्डावर उभी असते. ते कार्ड ओळखावे कसे, ते अस्सल आहे याची खातरजमा कशी करावी, आणि ते मिळवण्यासाठी खिशाला किती तोशीस लावून घ्यावी, याचा खुलासा पालकांच्या व होतकरू संग्राहकांच्या उपयोगी पडावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

मोल कशाने येते

पत्ते जमवण्याचा आणि त्यांना मोल येण्याचा प्रकार आपल्या मुलखाला अगदीच अपरिचित नाही. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एकापासून दहापर्यंतची पाने, अशा एकशेवीस गोल पानांचा सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा हाताने रंगवून लाखेने चकाकवला जात असे. आणि इकडे म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियारांनी तर गंजिफाचे नवनवे खेळच रचले होते. त्या पानांचे मोल कारागिराच्या श्रमांत होते. छापखान्याच्या युगात मात्र हा हिशेब पालटला, कारण एकाच यंत्रातून निघणाऱ्या कार्डांना कागदाचा आणि शाईचा खर्च जवळपास सारखाच येतो; मग त्यांच्यातील एकाला चार आणे आणि दुसऱ्याला चार हजार का पडावेत, याचे उत्तर कारखानदाराने ठरवलेल्या संख्येत आणि ग्राहकाच्या मनातील ओढीत शोधावे लागते.

सिगारेटच्या पाकिटात घालण्यात येणारी खेळाडूंची चित्रे हे आजच्या कार्डांचे पूर्वज होत. विलायतेतील विल्स कंपनीने १८९० च्या दशकात अशी चित्रे काढण्यास प्रारंभ केला, आणि आपले रणजितसिंहजी त्या काळच्या अनेक सिगारेट-चित्रांवर झळकले. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या मालिकेतील होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे कार्ड फारच थोडे छापले गेले, आणि त्यामुळे त्याची एक प्रत २०२२ साली साडेबाहत्तर लक्ष डॉलरांना गेली. त्याहून बोधप्रद कथा टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या संचाची आहे. त्याच्या न खपलेल्या पेट्या कोठारात पडून राहिल्यामुळे १९६० साली कंपनीने त्या चक्क समुद्रात बुडवल्या. आणि त्याच संचातील मिकी मँटल या बेसबॉलपटूच्या कार्डाची एक उत्कृष्ट प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लक्ष डॉलरांना विकली गेली. यावरून घ्यावयाचा धडा एवढाच, की वस्तू केवळ जुनी झाली म्हणून मोलाची होत नाही. तिच्या इतर प्रती नष्ट व्हाव्या लागतात, उरलेली प्रत निर्दोष असावी लागते, आणि ती हवीशी वाटणारी माणसे शिल्लक असावी लागतात. विरळता, स्थिती आणि ओढ या तिहींचा संगम झाल्यावाचून मोठी किंमत संभवत नाही.

पोकेमॉनचे कार्ड जपानात ऑक्टोबर १९९६ मध्ये आणि इंग्रजीत जानेवारी १९९९ मध्ये आले. त्या पहिल्या इंग्रजी संचात १०२ कार्डे होती, आणि त्यातील ४/१०२ या क्रमांकाचा, मित्सुहिरो अरिता यांच्या कुंचल्यातून उतरलेला चारिझार्ड हा ज्वाला ओकणारा प्राणी आजही संग्राहकांच्या जगाचा मुकुटमणी समजला जातो. त्या वेळी ज्यांनी ही कार्डे अंगणात, धुळीत, खिशात कोंबून वापरली, त्यांनीच अजाणता आजच्या निर्दोष प्रतींना दुर्मिळ केले.

कार्डाचा खालचा कोपरा

नव्या संचाचे पाकीट उघडल्यावर मुलांची दृष्टी चित्राकडे व चकाकीकडे जाते. जाणत्याची दृष्टी प्रथम खालच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली पाहिजे, कारण कार्डाचा सारा दाखला तेथे बारीक अक्षरांत नोंदलेला असतो. तेथे संचाचे चिन्ह, कार्डाचा क्रमांक आणि विरळतेची खूण अशा तीन गोष्टी आढळतात. क्रमांक अपूर्णांकाच्या रूपात असतो, आणि त्याचा छेद हा मूळ संचातील कार्डांची संख्या दर्शवतो. अंश छेदाहून मोठा असला, की ते कार्ड मूळ यादीच्या पलीकडचे, अर्थात विशेष छपाईचे समजावे. उदाहरणार्थ, सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘१५१’ या संचात मूळ कार्डे १६५ होती, आणि त्यातील सर्वांत गाजलेल्या चारिझार्डचा क्रमांक १९९/१६५ असा आहे. जानेवारी २०२५ च्या ‘प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स’मधील अंब्रियॉन १६१/१३१, तर त्याच वर्षीच्या मे महिन्यातील ‘डेस्टिन्ड रायव्हल्स’मधील टीम रॉकेटचा म्यूटू २३१/१८२ आहे. घरातील गठ्ठा चाळताना अशी, अंश मोठा असलेली कार्डे आधी बाजूला काढावीत. निम्मे काम तेवढ्यानेच होते.

त्यानंतर खूण पाहावी. वर्तुळ म्हणजे सर्वसामान्य, चौकटीच्या आकाराची खूण म्हणजे किंचित कमी आढळणारे, आणि एक काळा तारा म्हणजे विरळ. दोन काळे तारे असलेल्या कार्डाला डबल रेअर म्हणतात आणि ते अनेक पाकिटांतून निघते. दोन रुपेरी ताऱ्यांचे अल्ट्रा रेअर त्याहून वरच्या पायरीचे. एक सोनेरी तारा असला, तर ज्याच्या सर्व पृष्ठभागावर चित्रकाराने एखादा प्रसंग रंगवलेला असतो असे इलस्ट्रेशन रेअर समजावे. आणि दोन सोनेरी तारे असलेले स्पेशल इलस्ट्रेशन रेअर हेच आजच्या बहुतेक संचांतील खरे जवाहीर होय. सप्टेंबर २०२५ मधील ‘मेगा इव्होल्यूशन’ या संचापासून मेगा हायपर रेअर नावाची, सर्वांगी सोनेरी कार्डांची एक नवी पायरी त्यावर चढवण्यात आली. त्या संचातील मेगा गार्डेव्हॉर १८७/१३२ आणि मेगा लुकॅरिओ १८८/१३२ ही तिची पहिली उदाहरणे.

येथे दोन भ्रम दूर केले पाहिजेत. पहिला असा, की चकाकणारे प्रत्येक कार्ड मोलाचे असते. वास्तविक आजच्या प्रत्येक अधिकृत पाकिटात चकाकणारी कार्डे निघतातच, आणि वर्तुळाची खूण असलेले सामान्य कार्डदेखील चकचकीत छपाईत मिळते. दुसरा असा, की अधिक विरळ ते अधिक महाग. परंतु ‘१५१’ या संचात सोनेरी म्यूपेक्षा चित्रमय चारिझार्डलाच बाजारात अधिक भाव आला, कारण संग्राहकाला धातूच्या रंगापेक्षा आवडता प्राणी आणि रसपूर्ण चित्र यांचीच ओढ अधिक असते. चारिझार्ड, पिकाचू, अंब्रियॉन, गेंगार, म्यू व म्यूटू, रेक्वाझा ही नावे ज्या संचात विशेष छपाईत येतात, त्या संचाचा बाजार तापतो. आणि ज्यात ती नसतात, त्यातील उत्तमोत्तम कार्डेदेखील काही काळाने स्वस्ताईत येतात.

एका संचाचे उदाहरण

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘फँटास्मल फ्लेम्स’ हा संच या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. मूळ कार्डे अवघी ९४, आणि विशेष छपाईची धरून एकूण १३०. या संचाचा नायक म्हणजे निळ्या ज्वाला ओकणारा, कृष्णवर्णी मेगा चारिझार्ड एक्स. आणि तो एकच प्राणी या संचात निरनिराळ्या रूपांत अवतरतो. दोन काळ्या ताऱ्यांची त्याची साधी आवृत्ती खेळणाऱ्याला तितकीच उपयोगी असते, कारण खेळातील तिचे सामर्थ्य रेसभरही कमी नाही; परंतु तिचा दाम अल्प असतो. १२५/०९४ या क्रमांकाचे दोन सोनेरी ताऱ्यांचे चित्रमय कार्ड मात्र प्रसिद्ध होताच शेकडो डॉलरांच्या घरात गेले. १३०/०९४ हे सर्वांगी सोनेरी कार्ड त्याच्या खालोखाल. त्यानंतर मेगा लोपनीचे चित्रमय कार्ड आणि डॉन या मानवी पात्राचे कार्ड यांचा मान. आणि मग किमतीची उतरंड अशी झपाट्याने खाली येते, की पहिल्या चार-पाच कार्डांनंतर उरलेल्यांचा बाजारभाव घरखर्चाच्या वहीत नोंदण्याजोगाही राहत नाही.

याच नमुन्यावर वाचकाने कोणत्याही नव्या संचाची छाननी करावी. संचाचा नायक कोण, त्याची चित्रमय आवृत्ती कोणत्या क्रमांकाची, त्याच संचात दुसरा एखादा लोकप्रिय प्राणी आहे काय, आणि मानवी पात्रांपैकी कोणाला चाहते अधिक, या चार प्रश्नांची उत्तरे काढली, की सर्वांत मोलाच्या पाच कार्डांची यादी बहुतांशी हाती येते. किमतीची चौकशी करताना मात्र विक्रेत्याने मागितलेला आकडा विचारात न घेता प्रत्यक्ष व्यवहार कितीला पटला ते पाहावे; ईबेवर पूर्ण झालेल्या विक्रींची नोंद पाहता येते, आणि टीसीजीप्लेअर या अमेरिकी पेढीचा बाजारभाव हा अलीकडील व्यवहारांवरून काढलेला असतो. विक्रेता वाटेल तो आकडा मागू शकतो. तो कोणी दिला की नाही, हेच महत्त्वाचे.

अस्सल आणि नक्कल

आपल्याकडे या विषयातील सर्वांत मोठी अडचण नकली मालाची आहे. खेळण्यांच्या व लेखनसामग्रीच्या दुकानांत, जत्रेत आणि रस्त्याकडेच्या गाड्यांवर सोनेरी प्लॅस्टिकची जी कार्डे पन्नास-पन्नासांच्या डबीत मिळतात, ती सर्वच्या सर्व नकली असतात, हे पालकांनी निःशंकपणे समजावे. अधिकृत धातूची कार्डे निघाली ती मोजकीच, आणि तीही महागड्या विशेष पेट्यांतून. शे-दीडशे रुपयांत सोन्याचा चारिझार्ड मिळणे शक्य नाही. मुलाने खेळण्यासाठी ती घेतली तर त्यात गैर काही नाही, परंतु ती संग्रह म्हणून किंवा देवघेवीतील जिन्नस म्हणून धरू नयेत.

कागदी नकलांची पारख थोडी सूक्ष्म आहे. अस्सल कार्ड ६३ मिलिमीटर रुंद व ८८ मिलिमीटर उंच असते, आणि त्याच्या दोन थरांमध्ये गडद रंगाचा एक पापुद्रा असतो, ज्यामुळे विजेरीचा प्रकाश त्यातून सहजी आरपार जात नाही. नकली कार्डातून तो बहुधा भगभगीत दिसतो. त्याच संचातील एखादे खात्रीचे सामान्य कार्ड शेजारी ठेवून पाठीमागच्या निळ्या रंगाची छटा, अक्षरांची जाडी आणि कडेचा काप यांची तुलना करावी. वरच्या पायरीच्या चित्रमय कार्डावर बोट हलके फिरवले असता बारीक रेषांचा खडबडीतपणा जाणवतो. तेथे पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत लागला, तर संशय घ्यावा. शुद्धलेखनाच्या चुका, आणि प्राण्याच्या आयुर्बलाचा अशक्य आकडा, या खुणा तर मुलेच आधी टिपतात.

पाकिटाबाबतही सावधगिरी हवी. इंग्रजी बूस्टर पॅकमध्ये खेळाची दहा कार्डे असतात आणि पूर्ण पेटीत छत्तीस पाकिटे. पाकिटाचे तोंड पुन्हा चिकटवल्यासारखे दिसल्यास, किंवा बाजारभावाच्या निम्म्याने कोणी माल देऊ केल्यास तो घेऊ नये. हुबळीच्या दुर्गदबैलात किंवा धारवाडच्या सुभाष रोडवर खरेदी करा, अथवा घरबसल्या मागवा, विक्रेत्याकडून पावती अवश्य मागून घ्यावी, आणि महागडे सुटे कार्ड असेल तर दोन्ही बाजूंची स्वच्छ उजेडातील छायाचित्रे पाहिल्यावाचून रोकड मोजू नये. परदेशातून मागवल्यास टपालखर्च आणि सीमाशुल्क हे किमतीतच धरून हिशेब करावा.

स्थिती आणि प्रतवारी

एकाच कार्डाच्या दोन प्रतींच्या किमतींत पाच-दहा पटींचे अंतर पडते, ते स्थितीमुळे. पाठीच्या कडांवरील पांढरे टवके, पृष्ठभागावरील ओरखडे, दुमडलेला कोपरा आणि चित्राभोवतीच्या चौकटीचे असमान काठ हे चार दोष प्रथम तपासावेत. १९९१ साली स्थापन झालेली पीएसए ही अमेरिकी संस्था, तसेच बेकेट व सीजीसी या संस्था, कार्ड तपासून, त्याला दहापर्यंतचा दर्जा देऊन कठीण पारदर्शक पेटीत बंद करतात. पीएसएच्या दहाव्या दर्जासाठी पुढच्या बाजूचे काठ सुमारे ५५ व ४५ या प्रमाणाच्या आत असावे लागतात, यावरून कसोटी किती कडक आहे हे ध्यानी येईल. परंतु तपासणीची फी, विमा आणि दोन्ही वेळचा टपालखर्च जमेस धरता, सामान्य किमतीच्या कार्डासाठी ही तजवीज आतबट्ट्याची ठरते. ज्या कार्डाची सुटी किंमत या सर्व खर्चाच्या कित्येक पट आहे, आणि जे भिंगाखालीही निर्दोष दिसते, तेवढेच पाठवावे.

धारवाड हे मलनाडाच्या उंबरठ्यावर असल्याने येथील पावसाळ्यातील दमट हवा कार्डांची मोठी शत्रू आहे. चकाकीचा थर असलेली कार्डे ओल धरून कमानीसारखी वाकतात. पाकिटातून निघताक्षणी मोलाचे कार्ड मऊ पारदर्शक स्लीव्हमध्ये, आणि मग कठीण टॉप लोडरमध्ये ठेवावे; उरलेली कार्डे पीव्हीसीविरहित पानांच्या बाइंडरमध्ये लावावीत. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात वरचेवर बदलाव्यात, आणि पेटी बाहेरच्या भिंतीला लागून किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. रबरबँडने गठ्ठा बांधण्याची सवय मुलांना मोडायला लावावी. कडांचा सत्यानाश जितका त्याने होतो, तितका खेळण्यानेही होत नाही.

केव्हा घ्यावे, किती घ्यावे

नव्या संचाचा भाव पहिल्या काही आठवड्यांत चढा असतो आणि पाकिटे जसजशी फुटत जातात तसतसा उतरतो. धारवाडी हापूसची पहिली पेटी ज्या दराने जाते, त्या दराने उन्हाळाभर आंबा खाणारा गृहस्थ शहाणा म्हणवला जात नाही. म्हणून सुटे कार्ड हवे असल्यास दोन-तीन महिने धीर धरावा. आणि पाकिटातून मोलाचे कार्ड निघालेच व ते विकावयाचे असले, तर पहिल्याच आठवड्यांत विकावे. कंपनी मागणीनुसार संचाची फेरछपाई करीत असते, तेव्हा बाजारात माल संपला या वार्तेवर घाईने उड्या घालू नयेत.

पाकिटे फोडून ठरावीक कार्ड मिळवण्याचा हिशेब किती महाग पडतो, हे एका कल्पित उदाहरणाने दाखवता येईल. समजा पाकीट चारशे रुपयांचे आहे, आणि हवे असलेले कार्ड सरासरीने सहाशे पाकिटांतून एकदा निघते. तर त्या कार्डामागे २ लक्ष ४० हजार रुपये खर्ची पडतील, आणि तेच कार्ड बाजारात साठ हजारांना सुटे मिळत असेल. मधल्या इतर कार्डांच्या विक्रीतून काही परतावा होईल हे खरे. तथापि ती विकण्याची दगदग व दलाली वजा जाता तूटच उरते. इंग्रजी पाकिटांवर कंपनी निघण्याच्या प्रमाणाचा तक्ता छापीत नाही, त्यामुळे हा व्यवहार करणारा अंधारातच पैसे लावीत असतो, हेही मुलांना समजावून सांगावे.

मुलांमधील देवघेवीसाठी घरातच दोन नियम घालून द्यावेत. सोनेरी तारा असलेले किंवा अंश छेदाहून मोठा असलेले कार्ड मोठ्यांना दाखवल्यावाचून कोणाला देऊ नये. आणि झालेला सौदा दोन्ही घरांच्या पालकांना मान्य असावा. मोठ्या मुलाने लहानग्याचे मोलाचे कार्ड दहा चकचकीत सामान्य कार्डांच्या मोबदल्यात काढून घेणे हा प्रकार शाळेच्या आवारात सर्रास घडतो, आणि त्यावरून होणारी भांडणे कार्डाहून महाग पडतात.

राहिला प्रश्न गुंतवणुकीचा. १९९९ ची कार्डे मोलाची झाली ती त्या वेळी ती कोणी जपली नाहीत म्हणून. आजची मोलाची कार्डे मात्र पाकिटातून निघताच हजारो हातांनी वेष्टनात ठेवली जातात, आणि त्यामुळे वीस वर्षांनी त्यांच्या निर्दोष प्रती विरळ होतीलच असे मानण्यास आधार नाही. मुलांच्या शिक्षणाची किंवा घरखर्चाची रक्कम या बाजारात कदापि घालू नये. वाढदिवसाला एखाद-दुसरे पाकीट उघडण्याच्या मौजेसाठी घ्यावे; आणि संग्रह करावयाचाच असेल, तर वर्षभर साठवलेल्या खाऊच्या पैशांतून मुलाला मनापासून आवडणारे एकच कार्ड, पारखून, पावतीसह, सुटे विकत घेऊन द्यावे.